गोफणीतून सुटलेला दगड वळतो का?

औसा (जि. लातूर) - रब्बी ज्वारीची कणसे हुरड्यावर आली की शिवारात पहाटेपासून राखण सुरू होते. पिकाच्या मधोमध उभारलेल्या माळ्यावर राखणदार चढतो, कमरेच्या गोफणीत दगड घालतो, डोक्याभोवती दोन-तीन गिरक्या देतो आणि 'फट्ट' असा आवाज उमटताच चिमण्यांचा, राघूंचा किंवा हिवाळ्यात परदेशातून येणाऱ्या भोरड्यांचा थवा भुर्रकन उठतो. औसा तालुक्यात चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी हे दृश्य लहानपणी पाहिले आहे आणि अनेकांनी हातात गोफण धरूनही पाहिली आहे. ज्यांनी धरली, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. नेम सरळ धरला तरी दगड सरळ जातोच असे नाही. कधी तो अर्ध्या वाटेवर डावीकडे झुकतो, कधी अपेक्षेपेक्षा लवकर खाली बसतो, तर कधी तरंगत पलीकडच्या बांधावर जाऊन पडतो. अशा वेळी दोष हाताला दिला जातो. तो बराचसा खराही असतो. परंतु काही वाटा दगड स्वतःभोवती घेत असलेल्या गिरकीचा आणि त्या गिरकीशी झुंजणाऱ्या हवेचा असतो.

गोफणीची रचना सर्वांना परिचित आहे. मध्ये दगड मावेल अशी विणलेली खोबण, तिच्या दोन्ही बाजूंना दोन दोऱ्या. एका दोरीच्या टोकाचा फास बोटात अडकवायचा, दुसरीचे टोक मुठीत धरायचे आणि योग्य क्षणी सोडायचे. पूर्वी ती अंबाडीच्या वाखापासून किंवा तागाच्या सुतळीपासून विणली जाई. गोफण करते ते एवढेच, की माणसाच्या हाताची लांबी वाढवते. मनगटाचा वेग तोच ठेवून फिरण्याची त्रिज्या वाढली की टोकाचा वेग वाढतो. सरावलेल्या हातातून दगड सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाने सहज सुटतो. हात आणि दोरी मिळून त्रिज्या दीड मीटर धरली, तर सुटण्यापूर्वी त्या दगडावर त्याच्या वजनाच्या साठपट ओढ असते. शंभर ग्रॅमचा दगड त्या क्षणी सहा किलोचा भासतो. शिवारातले भुसभुशीत ढेकूळ गोफणीतच का फुटते, याचे उत्तर यात आहे.

एका दगडाच्या दोन गिरक्या

गोफणीतला दगड सुटण्याआधीच फिरत असतो, ही बाब सहसा लक्षात येत नाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना आपली एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो. त्यामुळे एका प्रदक्षिणेत तो स्वतःभोवतीही एकदा फिरतो. गोफणीतल्या दगडाचे तसेच आहे. खोबणीत बसलेल्या दगडाची एकच बाजू सतत हाताकडे असते. गोफण एक फेरी पूर्ण करते तेव्हा दगडही स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. दोरी सुटल्यावर तो सरळ रेषेत निघून जातो, पण ही गिरकी सोबत घेऊनच जातो. सेकंदाला ३० मीटरचा वेग आणि दीड मीटरची त्रिज्या धरल्यास या गिरकीचे प्रमाण सेकंदाला साधारण तीन फेऱ्या एवढे येते.

ही झाली वारशाने मिळालेली गिरकी. तिची दिशा गोफण कशी फिरवली यावर ठरते. उजव्या हाताने डोक्यावर आडवी गोफण फिरवणाऱ्याचा दगड शरीराच्या उजव्या बाजूने पुढे येतो. त्यामुळे सुटलेल्या दगडाची उजवी कड पुढे आणि डावी कड मागे सरकत राहते. गोफण उभी फिरवून दगड डोक्यावरून पुढे सोडला, तर दगडाचा माथा पुढे झुकत राहतो. क्रिकेटच्या भाषेत हा 'टॉपस्पिन'. उलट, विटी-दांडूच्या विटीसारखा खालून वर असा दगड सोडला, तर माथा मागे फिरत राहतो. टेनिस खेळणारे यालाच 'बॅकस्पिन' म्हणतात.

दुसरी गिरकी शेवटच्या क्षणी मिळते आणि पुष्कळदा तीच अधिक जोरकस असते. मुठीतले टोक सुटले की खोबणीची एक बाजू ढिली पडते. बोटात अडकलेल्या दोरीची बाजू मात्र ताणलेली राहते. दगड बाहेर पडताना या ताणलेल्या बाजूवरून घासत, घरंगळत जातो. खोबण किती खोल आहे, तिचा पोत खरखरीत की गुळगुळीत, दगड गोल की कंगोऱ्यांचा, दोरीला पीळ बसला आहे की नाही, या सर्वांवर ही दुसरी गिरकी अवलंबून असते. ती पहिल्या गिरकीत भर घालू शकते, तिला काटशह देऊ शकते किंवा गिरकीचा अक्षच तिरका करू शकते. एकाच माणसाने, एकाच गोफणीतून, पाठोपाठ टाकलेले दोन दगड वेगवेगळे वळतात ते यामुळे. पट्टीचा राखणदार एकाच आकाराचे दगड निवडून माळ्यावर ढीग करून ठेवतो, यामागे अनुभवातून आलेले शहाणपण आहे.

औशाच्या तोफा आणि रॉबिन्सचा प्रयोग

फिरणारी वस्तू हवेत का वळते, हा प्रश्न गोफणीमुळे नव्हे, तर बंदुका-तोफांमुळे ऐरणीवर आला. लातूरपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या औशाच्या बहामनीकालीन भुईकोट किल्ल्यात जुन्या तोफा पाहावयास मिळतात. त्या काळच्या तोफांची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळा नळीपेक्षा किंचित लहान ठेवावा लागे. बार उडाला की गोळा नळीच्या कडांना आपटत, घरंगळत बाहेर पडे. शेवटचा स्पर्श ज्या बाजूला झाला असेल, तशी गिरकी त्याला मिळे. हा स्पर्श कोठे होईल हे गोलंदाजाच्या हाती नव्हते. (हा गोलंदाज तोफखान्यावरचा, क्रिकेटने तो शब्द पुढे उचलला.) तोच दारूगोळा, तोच कोन, तरीही एक गोळा डावीकडे आणि दुसरा उजवीकडे, ही जगभरच्या तोफखान्यांची डोकेदुखी होती.

टेनिसचा तिरका फटकारलेला चेंडू वळतो, हे न्यूटनने १६७२ मध्येच नोंदवून ठेवले होते. परंतु बंदुकीच्या गोळीचे वळणे हे गिरकीमुळे आहे, असे ठामपणे सांगणारा पहिला माणूस म्हणजे इंग्लंडचा गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स. तोफशास्त्रावरील त्याचा ग्रंथ १७४२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्याने एक नामी प्रयोग केला. बंदुकीच्या नळीचे तोंड त्याने मुद्दाम किंचित डावीकडे वाकवले आणि पुढे ओळीने पातळ कागदाचे पडदे उभे केले. गोळी आरंभी वाकवलेल्या दिशेने, म्हणजे डावीकडेच गेली. मात्र पुढच्या पडद्यांवरील भोके हळूहळू उजवीकडे सरकलेली आढळली. वाकलेल्या नळीत गोळी उजव्या कडेला घासत आली होती. त्यामुळे तिची उजवी बाजू मागे रेटली गेली आणि हवेत ती त्याच बाजूला वळली. दोन दोऱ्यांना पीळ देऊन टांगलेला लाकडी गोळाही पीळ उलगडताना गिरक्या घेत झोका सोडून बाजूला जातो, हेही त्याने दाखवून दिले. लिओनार्ड ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५ मध्ये रॉबिन्सचा ग्रंथ जर्मन भाषेत आणला, पण ही कल्पना मात्र त्याला पटली नाही. गोळे ओबडधोबड असतात म्हणून वळतात, असे त्याचे मत होते. रॉबिन्स नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत किल्ले बांधणीसाठी भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. पुढे शंभर वर्षांनी, १८५२ मध्ये, बर्लिनच्या हाइनरिश मॅग्नस याने हवेच्या झोतात फिरता लंबगोल नळा ठेवून हाच परिणाम मोजला आणि नाव त्याचे लागले. आज जगभर त्याला 'मॅग्नस परिणाम' म्हणतात. रॉबिन्सवर हा अन्यायच म्हणावा लागेल.

नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. उडत्या दगडाची जी बाजू मागे सरकत असते, त्या बाजूला दगड वळतो. कारण त्या बाजूचा पृष्ठभाग समोरून येणाऱ्या हवेच्याच दिशेने सरकतो, हवा त्याला अधिक वेळ चिकटून राहते आणि दगडामागचा प्रवाह विरुद्ध बाजूला ढकलला जातो. हवा एकीकडे ढकलली गेली की दगड दुसरीकडे ढकलला जाणारच. हा नियम लावल्यास, आडव्या गोफणीने उजव्या हाताने टाकलेला दगड वारशाच्या गिरकीमुळे डावीकडे झुकावा, डोक्यावरून टाकलेला लवकर खाली बसावा आणि खालून टाकलेला अधिक तरंगावा. ३ जून १९९७ रोजी ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसने फ्रान्सविरुद्ध ल्योंच्या मैदानावर मारलेली फ्री किक ज्यांना आठवते, त्यांनी या परिणामाचे टोकाचे रूप पाहिलेले आहे.

किती वळतो?

येथे थोडा हिशेब आवश्यक आहे, कारण गिरकीचे महत्त्व वाढवून सांगण्याची वृत्ती सर्वत्र दिसते. मराठवाड्याच्या काळ्या बेसाल्टचा शंभर ग्रॅमचा गोल दगड घ्या. त्याचा व्यास चार सेंटिमीटरच्या आसपास भरेल. सेकंदाला ३० मीटर वेगाने जाताना हवा त्याला जो विरोध करते, तो त्याच्या वजनाच्या साधारण एकतृतीयांश असतो. केवळ वारशाने मिळालेली, सेकंदाला तीन फेऱ्यांची गिरकी असेल, तर बाजूला रेटणारे बल वजनाच्या शंभरात एक-दोन भागांपेक्षा जास्त येत नाही. दोन सेकंदांच्या उड्डाणात दगड फार तर फूटभर सरकेल. राघूंच्या थव्याला त्याने काही फरक पडत नाही.

खोबणीतून घरंगळताना दगडाला दसपट गिरकी मिळाली तर चित्र बदलते. बेसबॉलचा वेगवान चेंडू सेकंदाला चाळीसच्या आसपास फेऱ्या घेतो. दगडाला सेकंदाला तीसेक फेऱ्या मिळाल्या तर रेटणारे बल वजनाच्या सातव्या-आठव्या हिश्श्यापर्यंत जाते आणि तेवढ्याच वेळात दगड दोन ते अडीच मीटर बाजूला पडू शकतो. इतक्या अंतराने नेम पार हुकतो.

तरीही गोफणीच्या नेमाचा खरा शत्रू गिरकी नसून वेळ आहे. गोफण सुटण्याच्या सुमारास सेकंदाला अकराशे अंशांहून अधिक वेगाने फिरत असते. मुठीतले टोक सेकंदाच्या एकशतांश भागाने उशिरा सुटले, तर दिशा साडेअकरा अंशांनी बदलते. साठ मीटरवर ही चूक बारा मीटरची होते. त्यापुढे गिरकीचे दोन मीटर किरकोळ ठरतात. मात्र दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. खोबणीत अडकणारा कंगोऱ्यांचा दगड उशिरा सुटतो आणि सुटताना जास्त गरगरतो. म्हणजे एकच दोष दोन चुका घडवतो आणि त्या नेहमी एकाच दिशेच्या असतील असे नाही. जुने लोक नदीकाठचा गुळगुळीत गोटा पसंत करत, ते या अर्थाने शास्त्रशुद्धच होते.

खोल काळ्या जमिनीच्या शिवारात असा गोटा सहज सापडत नाही. मग ढेकूळ किंवा वळून वाळवलेला मातीचा गोळा वापरला जातो. त्याच वजनाचा मातीचा गोळा आकाराने मोठा असतो, त्यामुळे हवेचा विरोध वजनाच्या निम्म्यावर जातो आणि पल्ला घटतो. शिवाय गिरकीचा परिणामही आकाराबरोबर वाढतो. शिशाचा शंभर ग्रॅमचा गोळा याच्या अगदी उलट: व्यास जेमतेम अडीच सेंटिमीटर, विरोध वजनाच्या सातव्या हिश्श्याएवढा. प्राचीन सैन्यांनी हे हेरले होते. इसवी सनापूर्वी ४०१ मधील ग्रीक सैन्याच्या माघारीचे वर्णन करताना झेनोफनने लिहिले आहे, की मूठभर आकाराचे दगड फेकणाऱ्या इराणी गोफणदारांपेक्षा शिशाच्या गोळ्या वापरणाऱ्या ऱ्होड्सच्या गोफणदारांचा पल्ला जास्त होता.

बदामी आकाराचे रहस्य

ग्रीक व रोमन शिशाच्या गोळ्या गोल नसत. त्या बदामासारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या असत. येथे गिरकीची आणखी एक भूमिका दिसते. लांबट वस्तू हवेत कोलांट्या खाऊ लागली तर क्षणात टोक पुढे, क्षणात पोट पुढे, असे होते आणि विरोध वाढतो. परंतु तीच वस्तू लांबीच्या अक्षाभोवती भोवऱ्यासारखी फिरत असेल तर अक्ष ढळत नाही, टोक पुढेच राहते. रायफलच्या नळीत पीळ कोरलेला असतो तो एवढ्यासाठी. गोफणीत लांबट दगड नीट बसवला आणि सुटताना खोबण त्याच्या अंगावरून आडवी घासत गेली, तर अशी गिरकी मिळू शकते. मात्र अक्ष स्थिर राहणे म्हणजे टोक मार्गाप्रमाणे खाली वळणे नव्हे. उंच फेकलेला दगड खाली येताना पोटावर येऊ शकतो; सपाट, जवळच्या माऱ्यात मात्र हा लाभ पुरेपूर मिळतो. १९८१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात लॅरी ब्रे याने ४३७.१० मीटर दूर फेकलेला विक्रमी दगड ५२ ग्रॅमचा आणि अंडाकृती होता. हवाच नसती, तरी एवढ्या पल्ल्यासाठी सेकंदाला किमान ६५ मीटर वेग लागला असता. हवा असताना तो याहून बराच जास्त असला पाहिजे.

स्कॉटलंडमधील बर्न्सवार्क टेकडीवर सापडलेल्या दुसऱ्या शतकातील रोमन गोळ्यांपैकी काही लहान गोळ्यांना पाच मिलिमीटरचे भोक पाडलेले आढळले. उडताना त्या शिट्टीसारखा आवाज करत आणि शत्रूच्या उरात धडकी भरवत, असे संशोधकांचे मत आहे. औशाच्या शिवारातील राखणदारही दगडापेक्षा आवाजावरच अधिक विसंबतो; फरक एवढाच, की त्याचा आवाज गोफणीच्या सुट्या टोकाच्या फटक्यातून निघतो.

आपल्याकडे गोफण किती जुनी, याचे पुरावे मोहेंजोदडोत सापडलेल्या भाजक्या मातीच्या गोळ्यांपर्यंत मागे जातात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात दगडी आयुधांमध्ये 'गोष्पण' येते. सुश्रुतसंहितेत तर जखमा बांधण्याच्या पट्ट्यांच्या प्रकारांत 'गोफणा' नावाचा बंध आहे, हनुवटी, नाक, ओठ अशा उंचसखल भागांसाठी. मध्ये खोळ आणि दोन्हीकडे बंद, असा त्याचा आकार. वैद्यांनी नाव शेतातून उचलले असावे.

पांढुर्ण्याचा धडा

गोफण हे खेळणे नाही, याची आठवण दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होते. मध्य प्रदेशातील मराठीभाषक पांढुर्णा येथे (२०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन हा स्वतंत्र जिल्हा झाला) जाम नदीच्या दोन्ही काठांवर पांढुर्णा आणि सावरगावचे लोक जमतात, पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी एकमेकांवर दगडफेक करतात. ही 'गोटमार' शेकडो लोकांना जखमी करते आणि तिने बळीही घेतले आहेत. प्रशासन तेथे गोफणीवर बंदी घालते, तरी ती निघतेच. बंदीमागचे गणित सरळ आहे. हाताने फेकलेल्या दगडाच्या दीडपट वेग गोफणीने दिला, तर आघाताची ऊर्जा सव्वादोनपट होते. भर म्हणून, ओबडधोबड दगड हवेत वळतो. समोरून येणारा दगड सरळ रेषेत येईल हे गृहीत धरून माणूस डोके बाजूला घेतो आणि तो नेमका त्याच बाजूला येतो. माळ्यावरून गोफण चालवतानाही पुढच्या शेतात कोणी नाही ना, हे पाहण्याचा दंडक जुन्या लोकांनी घालून दिला होता, तो उगाच नव्हे.

औसा परिसरात आता गोफण दिसते ती क्वचित. खरिपात सोयाबीनने शिवार व्यापले आणि सोयाबीनच्या शेंगांना पाखरांची फारशी भीती नाही. रब्बीत हरभरा वाढला. जेथे मालदांडी ज्वारी उरली आहे, तेथे चमकत्या फिती, पत्र्याचे डबे आणि पीव्हीसी पाइपच्या कार्बाइड बंदुका राखणीला आल्या आहेत. त्यात ज्वारीचे क्षेत्र तुटक झाल्याने सगळी पाखरे उरलेल्या एखाद्या शेतावरच तुटून पडतात आणि तेवढ्या शेतकऱ्याला मात्र राखणीवाचून गत्यंतर राहत नाही.

जी गोफण उरली आहे, तिचीही जात बदलली. अंबाडीचा पेरा घटला, वाख वळणारे हात कमी झाले आणि नायलॉनची दोरी आली. ती कुजत नाही, स्वस्तही पडते. पण नायलॉन गुळगुळीत असतो. मुठीतून लवकर निसटतो आणि खोबणीत दगडाला पूर्वीसारखी पकड मिळत नाही. दगड घरंगळण्याऐवजी घसरत बाहेर पडतो, गिरकी कमी घेतो. अंबाडीच्या गोफणीवर हात बसलेल्या माणसाला नायलॉनची गोफण दिली, तर सुरुवातीचे त्याचे दगड भलतीकडे जातात. त्यावर उपाय म्हणून काही जण दोरी नायलॉनची ठेवून खोबण तेवढी सुतळीची विणून घेतात.